पिवळ्या गाड्यांचा ताफा

"ढोल, तुझा श्वास आवर. माझी गाडी हलतेय."

"श्वास घ्यायचा नाही, तर काय मरू?"

"दहा मिनिटं मर. पट्टा ओढून झाला की ऊठ."

बारकीनं ब्रशचं टोक कागदावर टिपलं आणि अंगठ्याएवढ्या ट्रकच्या टपावर तपकिरी पट्टा ओढला. सुट्टीचे नऊ दिवस सरले होते आणि तिघांच्या नखांतला हिरवा रंग काही केल्या निघत नव्हता. वाचनालयाच्या मागच्या खोलीत हे त्रिकूट सकाळपासून ठाण मांडून बसायचं. ढोलचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा, म्हणून तो ढोल. चष्मिश दिसेल ते छापील वाचायचा, अगदी रंगाच्या बाटलीवरच्या सूचनासुद्धा. आणि बारकी तेरा वर्षांची असून दहाची दिसायची. पण तिचा हात म्हणजे हात होता, एकदा टेकवला की हलायचं नाव नाही.

काम दिलं होतं दातांच्या डॉक्टरांनी. ते युद्धखेळ मंडळाचे अध्यक्ष. दर रविवारी दहा-बारा मोठी माणसं वाचनालयाच्या हॉलमध्ये जमायची, बारा फुटी टेबलावर स्पंजची झाडं आणि पुठ्ठ्याचे डोंगर मांडायची आणि नखाएवढ्या सैनिकांनिशी जुन्या लढाया पुन्हा लढायची. या प्रकाराला 'खेळणी' म्हटलेलं त्यांना अजिबात खपत नसे. सुट्टीच्या शेवटी गावाशेजारच्या पुलाची लढाई मांडायची होती, लोकांना दाखवायला. चौदा ट्रक आणि चाळीस सैनिक झाडीत लपतील असे रंगवायचं काम पोरांच्या गळ्यात पडलं होतं. म्हणजे मोठ्यांनी खेळायचं आणि लहानांनी राबायचं.

या लढाईवर मंडळानं एक पुस्तिकाही छापली होती. तिच्यात तिसऱ्या पानावर लिहिलं होतं : 'पुढच्या गाडीच्या चालकाने हुकूम मोडून झाडीतला रस्ता सोडला व ताफा उघड्यावर आणला. शत्रूच्या विमानांनी नऊ गाड्या जाळल्या.'

चालकाचं नाव छापलेलं नव्हतं. छापायची गरजही नव्हती. बारकीचे आजोबा कुठल्याही दुकानात शिरले की दुकानातलं बोलणं बंद पडायचं, आणि हे पन्नास वर्षं चाललं होतं.

पंधराव्या दिवशी तालीम झाली. मंडळाचा एक नियम होता. विमानाच्या बाजूनं खेळणाऱ्यानं वरच्या गॅलरीत, पुस्तकांच्या कपाटांपाशी उभं राहायचं. खालून कुणीतरी दहा आकडे मोजायचे. तेवढ्यात वरून ज्या गाड्या दिसतील, त्यांवरच बॉम्ब टाकता येतो. दिसली नाही ती गाडी वाचली.

पोरांनी चौदाही ट्रक झाडांखालच्या रस्त्यावर लावले. डॉक्टर वर गेले. ढोलनं दहा आकडे अशा आवाजात मोजले की ग्रंथपालबाईंनी कानांवर हात ठेवले.

"एकही दिसत नाही!" डॉक्टर कठड्यावरून वाकून म्हणाले. "वा, पोरांनो, वा. डोळे फाडून पाहिलं तरी दिसेना."

बारकीचा चेहरा फुलला.

"आणि यातच सगळं आलं," जिना उतरता उतरता डॉक्टर म्हणाले. "झाडीत असत्या तर दिसल्याच नसत्या. म्हणजे त्या गाढवानं ताफा उघड्यावर आणला, हे सिद्धच झालं." मग त्यांची नजर बारकीवर पडली आणि ते खोकले. "म्हणजे, आपलं पुस्तिकेत आहे म्हणून म्हटलं."

पंधरा दिवस मान मोडून तिनं गाड्या रंगवल्या होत्या आणि जितक्या सुरेख रंगवल्या, तितका आजोबांचा गुन्हा पक्का झाला होता. तिला स्वतःच्या हाताचा राग आला.

घरी आजोबा मागच्या पायरीवर टेबलफॅन उघडून बसले होते. बारकीनं खिशातून एक ट्रक काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"तुमची गाडी, आजोबा."

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ट्रक उलटासुलटा करून पाहिला.

"हिरवी?" ते म्हणाले. आणि ट्रक तिच्या हातात देऊन पुन्हा पंख्याच्या पात्यांकडे वळले. पुढं तिनं कितीही विचारलं तरी त्यांनी तोंड उघडलं नाही.

"नुसतं 'हिरवी'?" दुसऱ्या दिवशी चष्मिशनं विचारलं. "की प्रश्नचिन्हासकट?"

"प्रश्नचिन्हासकट."

"मग गडबड आहे."

"काय गडबड?" ढोल म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांना रंग धड दिसत नाहीत."

"माझ्या आजोबांना सुईचं नाक दिसतं," बारकी म्हणाली. "चला. खरी गाडी बघू."

खरी गाडी पुलाजवळच्या बागेत होती. जळालेल्या नऊंपैकी एक ट्रक तिथं चौथऱ्यावर चढवलेला होता. दर वर्षी रंगारी येऊन त्यावर हिरवे-तपकिरी पट्टे मारून जायचा. एका रंगावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. जुना खरवडायचा कंटाळा, दुसरं काय!

तो कंटाळाच पोरांच्या पथ्यावर पडला. बारकी दाराच्या बिजागरीखाली, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी वाकली आणि पाण्यात भिजवलेला पॉलिशपेपर बोटाला गुंडाळून एकाच ठिकाणी गोल गोल घासू लागली. मॉडेलवरचा बिघडलेला रंग ती असाच काढायची.

"ए, काय चाललंय तिकडं?" रखवालदार काठी आपटत आला.

"गंज काढतोय, काका," ढोल छाती काढून म्हणाला. "दातांच्या डॉक्टरांनी पाठवलंय. कार्यक्रम आहे ना रविवारी? एवढी मोठी माणसं येणार आणि गाडीला गंज. नाव कुणाचं जाईल? तुमचं."

रखवालदारानं जरा विचार केला आणि प्यायला पाणी आणून दिलं.

अर्ध्या तासानं रुपयाएवढी वाटोळी जागा घासून झाली. कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी कडी दिसत होती. बाहेरून आत हिरवं, तपकिरी, हिरवं, पुन्हा हिरवं. त्याच्या आत काळं कडं. त्याच्या आत पिवळसर, वाळूच्या रंगाचं. मग लाल अस्तर, आणि मधोमध चकाकणारं लोखंड.

"काळा रंग कशाला मारला असेल?" ढोलनं विचारलं.

बारकीनं काळ्या कड्यावर बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली.

"रंग नाही हा," ती म्हणाली. "धूर आहे. जळाली तेव्हाचा."

धूर पिवळ्याच्या वर होता आणि हिरव्याच्या खाली. म्हणजे गाडी जळाली तेव्हा ती पिवळी होती, आणि हिरवा रंग तिला मेल्यावर मिळाला.

"हिरव्या झाडीत पिवळ्या गाड्या," चष्मिश पुटपुटला. त्यानं खिशातून पुस्तिका काढली आणि पाचवं पान उघडलं. "हे ऐका. 'प्रत्येक गाडी माझ्या देखरेखीखाली हिरवी रंगवून मगच पाठवली.' डेपोचा त्या वेळचा अधिकारी लिहितोय."

"कोण?"

"कर्नलसाहेब. रविवारचे प्रमुख पाहुणे."

बारकीनं पॉलिशपेपर मुठीत चुरगाळला. "मग पाहुण्यांनाच गॅलरीत चढवू," ती म्हणाली.

शनिवारी दिवसभर मागच्या खोलीला आतून कडी होती. डॉक्टर दोनदा येऊन दार वाजवून गेले. "वार्निश ओलं आहे, काका, धूळ बसेल," ढोलनं आतून ओरडून सांगितलं, आणि डॉक्टरांनी ते खरं मानलं. स्वतः तपासून पाहायची सवय मंडळात कुणालाच नव्हती.

रविवारी सकाळी हॉल भरला. कर्नलसाहेब आले. ताठ, पांढऱ्या मिशांचे, हसरे. तळहाताएवढ्या सैन्याचं त्यांनी कौतुक केलं. विमान होण्याचा मान त्यांनाच द्यावा, हे चष्मिशनं डॉक्टरांच्या डोक्यात आधीच भरवून ठेवलं होतं. साहेब खुशीत जिना चढले. पोरांनी त्यांच्याकडे पाठ करून पेट्या उघडल्या आणि चौदा गाड्या झाडीत लावल्या.

"एक," ढोलनं सुरुवात केली.

"अरे, ही तर सरळसरळ दिसते," वरून आवाज आला. "ही दुसरी. ती तिसरी, चौथी. सोपं आहे हो!" ढोल आठवर पोचेपर्यंत साहेबांच्या चौदा मोजून झाल्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"सगळ्या उघड्यावर आहेत का, साहेब?" बारकीनं खालून विचारलं.

"अं? नाही. झाडाखाली आहेत. पण पिवळ्या..." साहेब थांबले.

डॉक्टर टेबलाशी धावले. "कुणी रंगवल्या या पिवळ्या? पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय..."

"बागेतली गाडीसुद्धा पिवळीच जळाली, काका," बारकी म्हणाली. "दाराच्या बिजागरीखाली घासून बघा. पिवळ्यावर धूर आहे, धुरावर हिरवा. ताफा झाडीतच होता. तरी दिसला."

चष्मिशनं बागेत काढलेला, त्या कड्यांचा मोठा करून छापलेला फोटो पुढच्या रांगेत दिला. तो हातोहात फिरला. साहेब जिना उतरून आले, फोटो पाहिला आणि बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले.

"रंग आला होता," शेवटी ते म्हणाले. "पण वाळायला दोन दिवस लागले असते. वरून सारखे फोन. दिल्या पाठवून. तरुण होतो. चूक झाली."

"आणि चालकानं हुकूम मोडला, ते?"

"चौकशीत कुणाचं तरी नाव लिहावंच लागतं, बाळ," साहेब म्हणाले. आवाजात माया होती. मग ते लोकांकडे वळले. "ही मुलं माझ्याहून हुशार निघाली. निरीक्षण असावं तर असं. शाबास!"

"इतक्या वर्षांनी भर सभेत चूक कबूल करायची," डॉक्टर हात जोडून म्हणाले, "याला केवढं मन लागतं!"

हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. कुणी साहेबांचे हात हातात घेत होतं, कुणी डोळे पुसत होतं. तिघांना ब्रशांची एकेक पेटी मिळाली, फोटो निघाले. पुढच्या गाडीच्या चालकाची आठवण कुणालाही झाली नाही. ढोलनं एकदा बारकीकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवणारे हात खाली घेतले.

बारकी घरी आली तेव्हा आजोबा पायरीवरच होते. तिनं सगळं सांगितलं.

"तुम्ही आधीच का नाही सांगितलं, आजोबा?"

"सांगितलं होतं. चौकशीत. टेबलामागं तिघं बसले होते, त्यातला एक हा तुमचा कर्नल." आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. "टाळ्या कुणाला मिळाल्या?"

"आम्हाला." बारकीनं मान खाली घातली. "आणि त्यांना."

"हं."

"पण पुस्तिका सुधारणार आहेत. डॉक्टरकाका म्हणाले, तुमचं ते वाक्य काढून टाकू."

"आणि त्या जागी काय लिहिणार?"

"काही नाही. नुसतं काढणार."

"म्हणजे आता पुढची गाडी कुणी चालवतच नव्हतं," आजोबा म्हणाले.

बारकीनं खिशातून पिवळा ट्रक काढून त्यांच्या हातात दिला. या वेळी आजोबांनी तो परत केला नाही. अंगठ्यानं टप चाचपला, चाकं फिरवून पाहिली.

"अशीच होती," ते म्हणाले. "लांबून झळकायची. टपावर डहाळ्या खोचल्या होत्या आम्ही, पण पुरल्या नाहीत. माझ्या मागची गाडी जळाली, तिच्यात माझा मित्र होता." त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "हुबेहूब रंगवलीस गं. शाबास."

याच शब्दासाठी ती सबंध सुट्टी राबली होती. तो ऐकला आणि तिला रडू फुटलं.

"एक कर," आजोबा ट्रक तिच्या हातात देत म्हणाले. "घरात ठेवू नकोस ही. रोज बघवायची नाही मला."

बारकीनं गाडी कागदात गुंडाळली आणि ती ढोलकडे ठेवून द्यायला त्याच्या घराकडे निघाली.