दोन्ही सारखंच

तात्यांनी फणस फोडला की वासाने सगळ्या वाडीला कळायचं. प्रणालीने सुरण चिरला की तो फक्त तिच्या हातांना कळायचा, कारण पुढचा तासभर ते खाजत राहायचे. गोताडांच्या घरात भांडण म्हणावं असं एवढंच होतं. सासऱ्यांना रसाळ बरका फणस हवा, सुनेला त्यांच्या ताटात सुरणाचे काप हवेत, आणि निकाल द्यायला मध्ये तुलक.

तुलक म्हणजे साबणदाणीएवढी डबी. तिला दोन चिमुकल्या वाट्या आणि मधोमध बोट ठेवायला खाच. एका वाटीत गऱ्याचा तुकडा ठेवायचा, दुसरीत सुरणाचा. खाचेतला बारीक उजेड बोटातलं रक्त वाचायचा, वाट्यांखालचा उजेड अन्न वाचायचा, आणि अर्ध्या मिनिटात काचेवर उत्तर यायचं : या माणसाला यातलं कुठलं जास्त मानवेल आणि किती गुणांनी. तक्ते काय, पूर्वीही होते. पिकल्या फणसात साखर आणि क जीवनसत्त्व, सुरणात पिष्ट, तंतू आणि पोटॅशियम, हे शाळेच्या भिंतीवरसुद्धा रंगवलेलं होतं. पण तक्त्याला खाणारा ठाऊक नसतो. तुलक बघायचा तो पुढचे पंधरा दिवस. हा घास या शरीरात गेला तर त्याचं काय होईल, रक्त वाढेल, झीज भरून निघेल, की नुसतीच चरबी चढेल, याचं तो गणित मांडायचा.

प्रणाली गावची पोषणसेविका. दर मंगळवारी डबी घेऊन घरोघर फिरायची आणि सुरुवात आपल्या घरापासून करायची. तात्यांचं उत्तर गेली दोन वर्षं ठरलेलं होतं : सुरण, नऊ-दहा गुणांनी पुढे. "तुझ्या डबीला जीभ नाही गो, तिला काय कळतंय," असं म्हणत तात्या काप खायचे आणि सुनेची पाठ वळली की गरे.

त्या मंगळवारी काचेवर आलं, फरक शून्य.

"दोन्ही सारखंच," तात्यांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचलं. "बघ, शेवटी आली की नाही माझ्या बाजूला? आता मला फणसाला आडकाठी नाही."

प्रणालीने खाच पुसली, नवे तुकडे ठेवले, पुन्हा बोट ठेवायला सांगितलं. पुन्हा शून्यच. हे शून्य तिने याआधी तीनदा पाहिलं होतं.

पहिल्यांदा डिंगणकरांच्या सुलोचनाकाकींना आलं. काकींना काहीही विचारा, "दे काहीही, मला मेलीला दोन्ही सारखंच," हे ठरलेलं. डबीही तेच म्हणाली म्हणून सगळे हसले. अकराव्या दिवशी काकी गेल्या. वय अठ्ठ्याऐंशी, कुणाला नवल वाटलं नाही. दुसरं शून्य महादेव रेवाळ्याला. चाळिशीतला, होडी एकट्याने ओढणारा गडी. नवव्या दिवशी छातीत कळ आली आणि संपला. तिसरं मिसाळबाईंना. तेव्हा प्रणालीला शंका आली होती. तरी तिने त्यांच्याकडचा चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली आणि निघून आली. बाई तेराव्या दिवशी गेल्या. त्या चहाची तिला आजही लाज वाटते.

बाई गेल्या तेव्हाच तिने तुलक बनवणाऱ्या टिळेकर मॅडमना पुण्याला फोन लावला होता.

"शून्य आलं तर बॅटरी तपासायची. पुस्तिकेत पान सहा."

"तपासली, मॅडम. शून्य आलेली तिन्ही माणसं पंधरा दिवसांच्या आत गेली."

मॅडमनी तिघांची वयं आणि तारखा विचारून लिहून घेतल्या.

"यंत्र मरण मोजत नाही," मॅडम शेवटी म्हणाल्या. "पुढच्या पंधरा दिवसांत शरीर या अन्नाचं काय करेल, तेवढंच ते बघतं. शरीर काहीच करणार नसेल, तर दोन घासांत फरक उरत नाही. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही तपासतो. तोवर कुणाला बोलू नका."

आणि प्रणाली कुणाला बोलली नव्हती. आता तात्यांच्या बाबतीतही तिचं तोंड उघडेना. नवऱ्याला तरी काय सांगणार, डबी दोन्ही सारखं म्हणाली म्हणून तुझ्या बापाला दवाखान्यात ने? तिने तात्यांना भरभरून फणस द्यायला सुरुवात केली. सकाळी गरे, दुपारी गरे, चहाबरोबर तळलेले गरे. तात्या पहिले दोन दिवस खूश होते. मग ते खाता खाता तिच्या तोंडाकडे बघायला लागले.

आठव्या दिवशी दुपारी नवरा, दीपेश, वाढायला होता. "तात्या, काप वाढू की गरे?"

"वाढ काहीही," तात्या म्हणाले. "मला दोन्ही सारखंच."

आयुष्यभर फणसासाठी भांडलेला माणूस तो. त्याच्या तोंडून हे वाक्य ऐकलं आणि प्रणालीने हातातला घास ताटात परत ठेवला.

"आणि तुला गं?" दीपेशने विचारलं.

"काहीही. मला दोन्ही सारखंच."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. दीपेशला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याने तिला काप वाढले आणि आमटी आणायला तो आत गेला. तात्यांचा हात मात्र ताटातच थांबला.

"मला तेव्हाच कळलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "सून न भांडता फणस द्यायला लागली म्हणजे काहीतरी गडबड आहे. आणि मिसाळबाई मला बोलल्या होत्या, शून्य आलं म्हणून."

प्रणालीला रडू फुटलं. तिने सगळं सांगितलं, फोनचंही आणि चहाचंही.

"त्या तिघांपैकी कुणाला सांगितलं होतंस?"

"नाही."

"दवाखान्यात कोण गेलं?"

"कुणीच नाही."

"मग शून्यापुढे काय होतं ते तुला कुठे ठाऊक आहे? आपण गप्प बसल्यावर काय होतं, तेवढंच तुला ठाऊक आहे." तात्यांनी ताट बाजूला सारलं आणि आत हाक दिली, "दीपेश, आमटी राहू दे. गाडी काढ, तालुक्याला जायचंय." मग उठून त्यांनी फळीवरचा तुलक आणला. एका वाटीत गरा ठेवला, दुसरीत काप, आणि डबी सुनेपुढे सरकवली.

"ठेव बोट."

"तात्या, मी नुसती दमलेय. आठ दिवस डोळ्याला डोळा नाही. दमलं की माणूस बोलतंच असं."

"बोलतं ना. म्हणून तर ठेव म्हणतोय. तपासायचं एकाला आहे की दोघांना, तेवढं कळू दे."

बाहेर गाडीचं दार वाजलं. प्रणालीने खाचेत बोट ठेवलं, आणि नखाखाली उजेड लागला. अर्ध्या मिनिटाचा तर प्रश्न होता. कापांचा आमसुली वास आणि गऱ्यांचा गोड वास, दोन्ही तिच्या नाकाशी येत होते. डोळे मिटून ती जिवाच्या आकांताने जिभेला विचारत राहिली. आकडा उमटायच्या आत तिचं तिलाच ठरवायचं होतं. आपल्याला खरंच काय हवंय, फणस की सुरण?