हुकावरची जागा

काम साधंच आहे, दादा. एक पंखा उतरवायचा आहे. चढवला मी एकट्याने, पण उतरवताना खालून धरायला कुणीतरी लागतं, म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही याच धंद्यातले, माझ्यापेक्षा दहा वर्षं जुने. शिडी माझी, पाने माझे. तुम्ही फक्त पंखा धरायचा. पण निघायच्या आधी सगळं ऐकून घ्या, नंतर मला दोष देऊ नका. तो दिवा जरा इकडे सरकवा.

आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर. वर गच्ची, दिवसभर तापणारी. मालकीणबाईंनी खोलीला फॉल्स सीलिंग करून घेतलंय, पांढरं, गुळगुळीत, पण पंखा मात्र नाही. किल्ली देताना म्हणाल्या, "छताला हात लावायचा नाही. बाकी काय हवं ते करा." आम्ही मान डोलावली. बायकोचं छातीचं दुखणं, डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलेलं. नाही म्हणायची सोय कुठे होती.

बोलायला तिला दम पुरायचा नाही. म्हणून आमचं ठरलं होतं, तिने माझा हात दोनदा दाबला की समजायचं, मी ठीक आहे, घाबरू नका. झोपताना मी हात पुढे करायचो, ती दोनदा दाबायची, मग माझा डोळा लागायचा. जरा बरं वाटलं की थट्टाही करायची. "जगाला पंखे लावत फिरता... आणि घरी बायकोला वर्तमानपत्राने वारा." मी म्हणायचो, या रविवारी नक्की. असे सहा रविवार गेले. तेच अजून मनाला खातं.

मग एका दुपारी आमचा टेबलफॅन जळाला. खोलीत भट्टी पेटल्यासारखं झालं. तासाभरात तिचे ओठ निळसर पडले. नजर छताला लागलेली. मालकीणबाई गेल्या खड्ड्यात, म्हटलं. दुकानातून पंखा उचलून आणला, लांबातला लांब रॉड घेतला आणि खाटेला लागूनच शिडी उभी केली.

वर स्लॅबला हूक असणार हे माहीत होतं. करवतीने सीलिंगला ताटाएवढं भोक पाडलं. आतून गार हवा आली. वर तापलेली गच्ची, खाली मी घामाने निथळतोय, आणि मधल्या त्या पोकळीत गारवा, ओल्या सिमेंटचा वास. खांद्यापर्यंत हात घातला तेव्हा हूक लागला.

तुम्हाला ठाऊकच आहे, हूक तपासल्याशिवाय पंखा टांगायचा नाही. दोन्ही हातांची बोटं त्यात अडकवायची आणि शिडीवरून पाय उचलायचे. आपलं वजन पेललं तर पंख्याचं पेलणारच. मी पाय उचलले. हूक जागचा हलला नाही. पण तिथे माझ्या बोटांच्या खाली आणखी बोटं होती.

आधी वाटलं, वायरी असतील. मग ती आक्रसली, बसच्या दांड्याला शेजारच्याचा हात लागला की आपण आक्रसतो तशी. बारीक, थंड, आणि घट्ट धरलेली. फार दिवसांपासून धरून असावीत.

मी कसेबसे पाय शिडीवर टेकले. खाली उतरून पळत सुटावंसं वाटत होतं. पण खाटेवर तिचा श्वास मध्येच थांबायचा, मग कुठून तरी ओढून आणल्यासारखा यायचा. दर खेपेला वाटायचं, हाच शेवटचा. मग मी तोंड त्या भोकापाशी नेलं.

"जागा द्या..." मी हळूच म्हणालो. "माझ्या बायकोला हवा पाहिजे. तुम्ही कोणी का असेना... जागा द्या."

एकेक बोट सुटलं. मी मोजली, दहा होती.

एकट्याने पंखा चढवणं म्हणजे काय ते तुम्ही जाणता. त्या दिवशी पंख्याला वजनच नव्हतं. बोल्ट बसला, पिन बसली, वायरी जोडल्या. रॉडच्या वरच्या कपाने भोक पुरतं झाकलं नाही, पण मला तेवढा दम नव्हता. खाली उतरून बटण दाबलं. अर्ध्या तासात तिच्या ओठांना रंग आला. संध्याकाळी ती आपली आपण उठून बसली. मी तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडलो.

तिसऱ्या दिवशी ती जिना चढू-उतरू लागली. शेजारचे म्हणाले, मरणाच्या दारातून परत आली. मी सुखात असायला हवं होतं. पण झोपताना हात पुढे केला, तर तिने तो नुसता धरला. दुसऱ्या दिवशीही तसंच. शेवटी मी विचारलं, "दोनदा दाबायचीस ना?"

"कधी?" ती म्हणाली.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घुमतेय. ज्याची ती दहा बोटं, त्याने हूक सोडला, मग तो गेला कुठे? फॉल्स सीलिंगवर मांजराने उडी मारली तरी भेग पडते. तिथे साधा ओरखडा नाही. आणि भोकाच्या अगदी खाली तिची खाट होती.

आज दुपारी ती खिडकीशी शिवत बसली होती. रॉड कुरकुरतोय, बघतो, असं सांगून मी पंखा बंद केला आणि शिडीवर चढलो. कपाच्या बाजूने हात आत घातला.

हुकावर बोटं होती. थंड नव्हती, तापाने कढत होती. बारीक, हाडं लागणारी, माझ्या ओळखीची.

"तू... तू आहेस का?"

एक हात हुकावरून सुटला, चाचपडत माझ्या हातावर आला. त्याने दोनदा दाबलं.

"अहो," खालून खणखणीत आवाज आला, "कोणाशी बोलताय?"

दादा, ती तिथे लोंबकळतेय. हे इतके दिवस. सहा रविवार मी टाळले, आणि ती अजून मला सांगतेय, घाबरू नका. मी तिचा हात परत हुकावर नेऊन ठेवला. म्हटलं, घट्ट धर, पंखा उतरवायला माणूस घेऊन येतो, मग तुला खाली घेतो. हे मी तिच्या बोटांपाशी, ओठातल्या ओठात म्हणालो. कोणाकडे जातोय ते तर मनातसुद्धा ठरलं नव्हतं.

मग शिडीवरून उतरलो, चप्पल घातली. खिडकीशी बसलेली ती दारापर्यंत सोडायला आली, कधी नव्हे ती हसली.

"दादांना लवकर आणा," ती म्हणाली. "म्हणावं, जागा आहे."