वायरमनची पेटी

खांबावर चढलेला वायरमन खाली उतरायला तयार नव्हता आणि त्यामुळे अख्ख्या गावाचा खोळंबा झाला होता.

वीज बंद. गिरणी बंद. न्हाव्याच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्धं डोकं भादरून बसलेलं. खांबाखाली ही गर्दी जमलेली, आणि जो तो मान वर करून ओरडत होता, "अहो, उतरा की आता! तार जोडून झाली ना?"

तार कधीच जोडून झाली होती. पण पेचात पकडलं होतं ते माश्यांनी. साहेब वर काम करत असताना कुठूनसं मधमाश्यांचं मोहोळ घोंघावत आलं आणि खांबाला टेकवलेल्या त्यांच्याच सायकलच्या सीटखाली लटकलं. चांगला भोपळ्याएवढा घोस! शिडी सायकलला चिकटून. आता उतरायचं कसं?

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक मुलगी धावत आली. काखेत रिकामी लाकडी पेटी, केस सुटलेले, आणि पायात एकच चप्पल. दुसरी मोहोळामागे पळताना कुठेतरी शेतात पडली होती.

"व्हा बाजूला! माझ्या आहेत त्या!"

ही मधपेट्यांच्या मळ्यातली मुलगी. घरी तिला राणी म्हणत, आणि गाव पाठीमागे राणीमाशी म्हणे. कारण तिच्या वाटेला जाणाऱ्याला ती सोडत नसे. नाकावर राग कायम तयार.

तिने वर बघितलं. नवा वायरमन. महिनाही झाला नसेल गावात येऊन. उंच, सावळा, आणि तोंडचं पाणी पार पळालेलं.

"उतरा खाली!"

"आधी त्यांना उतरवा."

"त्या काही करत नाहीत हो."

"तसं त्यांनी तुम्हाला सांगितलंय. मला नाही सांगितलं."

गर्दी हसली. राणीला हसायचं नव्हतं, पण ओठ ऐकेनात. "एवढ्या तारांना हात लावता, आणि माश्यांना भिता?"

"तार बंद करता येते. यांचं बटण कुठे असतं?"

आता मात्र ती खळखळून हसली. आणि हसता हसताच तिने दोन्ही हात, उघडे हात बरं का, त्या घोसाखाली घातले. हलकेच, झोपलेलं बाळ उचलावं तसे. ओंजळभर माश्या पेटीत सोडल्या. मग आणखी एक ओंजळ. घोसातली राणीमाशी आत गेली तशा बाकीच्या आपसूक रांगेने तिच्यामागे निघाल्या.

वर वायरमन श्वास रोखून बघत होता. माश्यांकडे म्हणाल तर नाही.

एव्हाना तिचे आबा काठी टेकत टेकत पोचले होते. गुडघ्यांनी जेरीस आणलेला माणूस, पण नजर तल्लख. त्यांनी पेटीकडे बघितलं, सायकलकडे बघितलं. "कोणाची सायकल?"

"माझी," वरून आवाज आला.

"मग माश्याही तुमच्याच. मोहोळ ज्याच्या वस्तूवर बसतं, त्याचं होतं. आमच्या घरात हे वडिलांपासून चालत आलंय."

"अहो नको! हवं तर सायकल घ्या तुम्ही. पण माश्या नकोत!"

"आबा!" राणीही फणकारली. "माझ्या पेटीतून उठल्यात त्या!"

पण आबांच्या शब्दापुढे कोणाचं काही चाललं नाही. वायरमन लटपटत खाली उतरला, वीज आली, गिरणी घरघरली, आणि दिवस मावळताना मधाची पेटी त्याच्या खोलीमागे जाऊन बसली.

आता गंमत बघा. त्याची खोली आणि राणीचं घर यांच्यामध्ये फक्त एक सूर्यफुलाचं शेत होतं. मोठं नाही, या टोकावरून मारलेली हाक त्या टोकाला ऐकू जाईल एवढंच. तेव्हा आठवड्यातून एकदा पेटी उघडून बघायची जबाबदारी कोणावर आली, हे सांगायला नकोच.

पहिल्या वेळी तो दहा हात लांब उभा राहिला. दुसऱ्या वेळी पाच. तिसऱ्या वेळी राणीने त्याच्या हातात धुराचा डबा दिला आणि म्हणाली, "पेटीवर सोडा धूर. माझ्या डोळ्यांत नाही."

"तुमचे डोळे मध्ये येतात त्याला मी काय करू?"

"काय?"

"काही नाही... धूर म्हटलं, फार होतोय."

ती पेटीतली पोळ्याची चौकट वर उचलायची आणि उन्हाला धरायची. सोनेरी मध चमकायचा. तो बघता बघता जवळ यायचा, इतका की त्याच्या बाहीचा स्पर्श तिच्या दंडाला व्हायचा. मग दोघंही फार मन लावून माश्याच बघत राहायचे.

"पेटीच्या या दारात उभ्या आहेत त्या कोण?" एकदा त्याने विचारलं.

"पहारेकरी. परकी माशी रिकाम्या हाताने आली की हाकलून लावतात."

"आणि भरल्या हाताने आली तर?"

"मध घेऊन आली असेल तर... घेतात आत. विचारत नाहीत कुठली म्हणून."

त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं. एका हातात पक्कड, दुसऱ्यात धुराचा डबा. "मग आपलं कठीण आहे," तो म्हणाला.

राणी घरी येताना उगाच सूर्यफुलांना हात लावत आली. घरात आत्या ओसरीवर वाटाणे सोलत बसली होती. आबांची थोरली बहीण, आणि जीभ अशी की पोलिसाने शिकवणी लावावी.

"पेटी एक, आणि तपासायला दुपार जाते अख्खी?"

"माश्या जास्त आहेत, आत्या."

"हो तर. कानापर्यंत लाल झालीस. माश्याच चावल्या असतील!"

असे दिवस चाललेले. सुखाचे म्हणाल तर असेच असतात, काही घडत नाही आणि रात्री झोप येत नाही. आणि मग एका दुपारी, राणीने चौकट हातात धरलेली असतानाच तो म्हणाला, "माझी बदली झाली. शहरात. बढती आहे. महिनाअखेरीला जायचंय."

तिच्या हातातली चौकट मात्र हलली नाही. सवय, दुसरं काय!

"बरं झालं की," ती म्हणाली. "अभिनंदन."

"या पेटीचं काय करायचं? तुमच्या अंगणात नेऊन ठेवू?"

"तशी नाही ठेवता येत." राणी चौकटीशीच बोलत होती. "शेतापलीकडे उचलून नेली ना, तर सकाळी माश्या बाहेर पडतात आणि परत याच जागेवर येतात. रिकाम्या जागेवर घिरट्या घालत बसतात बिचाऱ्या. मरतात, पण नवी जागा शोधत नाहीत."

"आणि खूप लांब नेली तर? शहरात वगैरे?"

"तर विसरतात." तिने चौकट पेटीत परत सोडली. "दोन-चार दिवसांत विसरतात. इथे कधी नव्हत्याच जशा."

त्याने धुराचा डबा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "जवळ आणायचीच असेल तर काहीच मार्ग नाही?"

"रोज एक पाऊल सरकवायची. संध्याकाळी, सगळ्या आत आल्या की. फक्त एक. तेवढं त्यांना चालतं."

"एका महिन्यात पोचेल, या टोकापासून त्या टोकाला?"

"नाही पोचणार," राणी म्हणाली. झाकण लावलं आणि मागे न बघता निघून आली.

त्यानंतर तिने त्या बाजूला पाऊल टाकलं नाही. जाणाऱ्या माणसासाठी कशाला जीव जाळायचा? ती दिवसभर आबांच्या पेट्यांमध्ये खपायची, आणि कोणी काही विचारलं की अंगावर यायची. जेवण मात्र निम्मं व्हायचं. आबा बघायचे आणि मीठ मागायचे.

एका सकाळी आत्या गच्चीवर कपडे वाळत घालताना ओरडली, "अगं राणी, त्या वायरमनची पेटी खोलीमागे होती ना? ती शेतात कशी आली?"

राणी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. खरंच की! पेटी खोलीपासून सुटून बांधावर आली होती. दुसऱ्या दिवशी आणखी जरा पुढे. तिसऱ्या दिवशी आणखी.

बघता बघता गावभर झालं. गिरणीवाला दळण घेताना विचारायचा, "आज कुठवर आली?" न्हाव्याने तर दुकानाचा आरसा शेताच्या बाजूला फिरवला. वायरमन कधी सुजलेला कान घेऊन कामावर यायचा, कधी सुजलेला डोळा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "शिकतोय हो, शिकतोय."

संध्याकाळी राणी स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी राहायची. दिवेलागणीला तो यायचा. पेटीला घट्ट मिठी मारायची, डोळे मिटायचे, एक पाऊल टाकायचं, पेटी टेकवायची... आणि मग जी धूम ठोकायची! राणीला हसू यायचं आणि हसता हसता डोळे भरून यायचे. हा माणूस करतोय तरी काय? जायच्या आधी पेटी आपल्या गळ्यात घालून मोकळा होतोय? की... की आणखी काही आहे याच्या मनात? तोंडाने तर एक अक्षर नाही!

"महिनाअखेरीला निम्म्याच्या जरा पुढे येईल फार तर," आबा ओसरीवरून म्हणाले, जणू पावसापाण्याचं बोलताहेत. "एकट्याने नाही व्हायचं ते."

ते ऐकून राणीची त्या रात्री झोपच उडाली. शेत काही लहान होणार नव्हतं. महिना काही मोठा होणार नव्हता. तो रोज एक पाऊल येत होता, आणि आपण? आपण खिडकीत उभ्या!

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती मागच्या दाराने बाहेर पडली. भिंतीकडेला तिची ती पेटी होती, जिच्यातून हे सगळं मोहोळ उठलं होतं. तिने ती उचलली. एक पाऊल टाकलं, त्याच्या दिशेने, आणि पेटी खाली ठेवली.

सकाळी गच्चीवरून आत्याची किंकाळी आली. "अरे देवा! आपली पण पेटी चालायला लागली!"

राणी ताटात डोकं घालून बसली. आबांनी शांतपणे चहा संपवला आणि उठता उठता म्हणाले, "उजवीकडच्या बांधाने ने. सपाट आहे तो."

मग काय विचारता! इकडून एक पाऊल, तिकडून एक पाऊल. दोघं रोज संध्याकाळी बांधाच्या दोन टोकांना दिसायचे. बोलायचे नाहीत. नुसतं बघायचे, पेटी उचलायचे, ठेवायचे. एकदा त्याने लांबून हात हलवला. तिने उत्तर म्हणून चक्क जीभ काढून दाखवली आणि मग स्वतःच लाजून घरात पळाली. अंतर कमी होत गेलं तसे चेहरे स्पष्ट दिसायला लागले. त्याच्या गालावर खळी पडते, हे तिला तेव्हा कळलं.

महिन्याची शेवटची संध्याकाळ आली. दोन पेट्यांमध्ये एकच पाऊल उरलं होतं. भोवताली सूर्यफुलं माना टाकून उभी होती, आणि पेट्यांतून येणारी घुमघुम सोडली तर सगळं शांत होतं.

"उद्या जाणार तुम्ही," राणी म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच तर..."

"ती बदली मी दुसऱ्याला दिली. शेजारच्या गावचा वायरमन आहे, त्याची बायको शहरात असते. तो नाचतच गेला."

"कधी?"

"तुम्ही झाकण लावून निघून गेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

राणी जी भडकली! "आणि महिनाभर तोंड उघडलं नाहीत? मी इथे रोज... रोज रात्री..."

"रोज रात्री काय?"

"काही नाही! का नाही बोललात?"

त्याने कान खाजवला. सुजलेला होता तो. "तुमच्यासाठी बढती सोडली म्हटलं असतं, तर तुम्हाला उपकारासारखं वाटलं असतं. मला फक्त बघायचं होतं... त्या बाजूची पेटी हलते का."

"आणि नसती हलली तर?"

"तर मी एकटाच सरकवत राहिलो असतो. मला घाई नव्हती. मला तुम्ही आवडता हो. पहिल्या दिवसापासून. खांबावर असल्यापासून."

"तेव्हा तर पाय लटपटत होते तुमचे."

"माश्यांमुळे, असं सगळ्यांना वाटलं."

तिने वाकून त्याच्या पेटीची एक बाजू धरली. "धरा तिकडून. आणि डोळे उघडे ठेवा." दोघांनी मिळून शेवटचं पाऊल टाकलं आणि पेटीला पेटी लागली. त्याची बोटं तिच्या बोटांवर होती, ती त्याने उचलली नाहीत.

"मलाही आवडता," ती पेटीकडे बघत म्हणाली. "उगाच परत विचारू नका."

दोघं घरापर्यंत आली. दारात आत्या उभी होती, कमरेवर हात, चौकट अडवून. मागे आबा काठीवर हनुवटी टेकवून बसलेले.

"कोण आहे?" आत्याने विचारलं. जसं काही दिसतच नव्हतं!

"मी... वायरमन."

"दिसतंय. आणि आलास तो असा रिकाम्या हाताने?"

त्याने आपले हात बघितले. खरंच रिकामे होते. बिचारा एवढासा झाला. राणी मात्र आत्याच्या हाताखालून सुळकन आत गेली आणि बाहेर आली ती मधाने काठोकाठ भरलेली वाटी घेऊन. तिने ती त्याच्या ओंजळीत ठेवली.

"दोन्ही हातांनी धरा," ती म्हणाली. "आणि या आत."

आत्याने वाटीकडे बघितलं, त्याच्या सुजलेल्या कानाकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावून दारातून बाजूला झाली.