काटा जागचा हलला नाही

कुणाला थाप वाटेल. वाटू द्या. पण हे घडलंय, आणि ज्यांच्यासमोर घडलं ते आमचे काशप्पा थापा मारणाऱ्यांतले नव्हते.

साल १९५२. गुलबर्ग्याकडच्या एका फरशीच्या खाणीचं वीजघर. दिवेलागणीची वेळ, बाहेर वळवाचं वादळ.

टर्बाइनवर काशप्पा होते. तेल घालायला त्यांचा धाकटा भाऊ ईरण्णा. त्याच्या अंगची हळदही उतरली नव्हती.

टर्बाइन म्हणजे मोटेचे बैल. ओढायला भार आहे तोवर शहाणे, नाडा तुटला की उधळतात. भार अचानक गेला तर वाफ आपोआप रोखायला गव्हर्नर असतो. तोच अडकला, तर यंत्र स्वतःच्या वेगानं फुटतं.

आधीचा चालक बंडेप्पा असाच गेला होता. याच खोलीत.

वीज कडाडली. समोरचा मोठा स्विच धाडकन पडला. खिडकीबाहेर सगळी खाण अंधारली.

काशप्पांनी गव्हर्नरकडे पाहिलं...

दांडा हललाच नव्हता.

आणि ईरण्णा यंत्राला खेटून उभा. आता उधळणार.

पण आवाज चढला नाही. तीच संथ घरघर. त्यांनी भाराच्या काट्याकडे पाहिलं. भार गेला की तो शून्यावर यायला हवा...

काटा जागचा हलला नव्हता.

"अण्णा, मिशन पळंना कामून?" ईरण्णानं विचारलं.

"तू भायेर हो आधी."

तो गेल्यावर काशप्पांनी वाफेचं चाक हातानं आवळलं. शेवटचा फेरा बसला, तेव्हा कुठं काटा हळूहळू खाली आला. डोक्यावरची पाटी उतरवावी तसा.

काही दिवसांनी ते मुडबीला गेले, बंडेप्पाच्या बायकोकडे. गावात अजून वीज नव्हती. भिंतीवर सुतळीनं बांधलेला एक बल्ब लटकत होता. गावात लाईट आली की लावू म्हणून बंडेप्पानं आणलेला.

काशप्पांनी तोंड उघडायच्या आत लिंगम्मा म्हणाली, "वादळाच्या सांजंला ह्यो पेटला व्हता, अण्णा. मंग आपसूक इझला."

काशप्पांचे डोळे भरले. त्यांनी बल्बला हात जोडले. माणूस मेल्यावरही आपला भाऊ वाचवून गेला, असं वाटलं त्यांना.

परतीच्या वाटेवर मात्र पाय थबकले.

एका बल्बला वीज लागते ती किती? अख्ख्या खाणीच्या भारापुढं चिमूटभर.

मग बाकीचा भार कोण ओढत होतं?

ईरण्णाला त्यांनी त्या वीजघरात पुन्हा पाऊल ठेवू दिलं नाही. स्वतः मात्र जात राहिले. मशीन बंद असली तरी आधी काटा बघायचे. शून्यावर आहे ना, एवढंच.

रोज असायचाच, असं नाही...