घंगाळातले देव

त्या मंगळवारी केबलवाला आला होता. फ्रीगंजातल्या त्या गल्लीत केबल घेणारं हे तिसरं घर. बँकेतून निवृत्त झालेले शरच्चंद्रराव पूजा आटोपून, सोवळ्यातच खुर्चीवर चढून भिंतीच्या भोकातून वायर आत ओढत होते.

"बाबूजी, पूरे बारा चैनल आएँगे!" केबलवाला बाहेरून ओरडला.

"ऐकलंस का, विजया? बारा! आता महाकालही घरबसल्या दिसेल. तुझी रांग वाचली."

"मग प्रसादही केबलचाच खा," विजयाबाई म्हणाल्या, आणि चपला घालून महाकालला निघाल्याही. कॉलेजच्या उत्तरपत्रिका तपासता तपासता त्यांच्या लेकीला, मृणालला, हसू आलं.

बुधवारी पहाटे शरच्चंद्ररावांच्या मेंदूत रक्तस्राव झाला.

गुरुवारी इस्पितळात विजयाबाईंनी लेकीचा दंड धरला. "घरी जा. देव पाण्यात ठेव. हे शुद्धीवर आले की मी माझ्या हातानं बाहेर काढीन."

मृणाल घरी आली. तांब्याचं घंगाळ तिनं स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात ठेवलं. समोर बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळुंका. बाबांनी वाहिलेलं जास्वंदीचं फूल सुकून गेलं होतं. तिचा हात पुढे होईना. देवांना असं कोंडीत पकडून माणूस परत मागायचा, हे काही तिला जमेना. रिकामं घंगाळ तसंच ठेवून तिनं देव्हाऱ्याची दारं लावली आणि कडी घातली.

"ठेवलेस?" ती इस्पितळात परतल्यावर विजयाबाईंनी विचारलं.

"हो."

"पार बुडेपर्यंत?"

"हो, आई."

शुक्रवारी दुपारी बाबा गेले.

तेराव्यानंतर मृणाल देव्हाऱ्याशी गेली, तेव्हा विजयाबाईंनी तिला अडवलं. "राहू देत पाण्यातच. नाकातोंडात पाणी जाऊनही ज्यांना दया आली नाही, त्यांना मी कशाला काढू?"

त्यानंतर घरात दिवा लागला नाही. संध्याकाळी विजयाबाई टीव्हीसमोर बसत आणि बारा चॅनेल एकामागून एक फिरवत राहत. आवाज बंद असे. मृणाल शेजारी बसे. आई, देवांनी नाही म्हटलं नव्हतं, त्यांच्यापर्यंत तुझं मागणं पोचलंच नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. पण मग आई विचारील, ठेवले असतेस तर?

मे महिना लागला. नळाला दिवसाआड पाणी येऊ लागलं. एका सकाळी देव्हाऱ्याखालची फरशी ओली दिसली.

"देवांचं पाणी झिरपतंय," विजयाबाई म्हणाल्या आणि पोतेरं फिरवून गेल्या.

मृणाल जागीच उभी राहिली. आत पाणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशीही फरशी ओली होती. तिसऱ्या दिवशीही. आई कधीतरी दार उघडून बघेल, तर घंगाळ रिकामं. दुपारी आईचा डोळा लागल्यावर मृणाल पाण्याची कळशी घेऊन देव्हाऱ्यासमोर बसली. जे तेव्हा केलं नाही, ते आता तरी गुपचूप करून टाकायचं.

कडी गंजून घट्ट बसली होती. दोन्ही हातांनी ओढल्यावर ती सुटली.

घंगाळ काठोकाठ भरलेलं होतं.

देव तळाशी होते. तिघंही. पाणी नितळ, कुठं शेवाळ नाही. तिनं बोट बुडवलं. मेमधल्या त्या दुपारी बोट बधिर झालं.

तिनं आसनाकडे पाहिलं. सुकलेलं फूल जिथल्या तिथं होतं. लाल कापडावर धुळीचा थर होता. देव जिथं बसायचे, तिथंही तेवढीच धूळ होती.

मागे बांगड्या वाजल्या.

"रोज पाणी बदलतेस होय गं?" विजयाबाई दारात उभ्या होत्या. "मी तर हातसुद्धा लावला नाही. इतकं स्वच्छ कसं राहिलं?"

"मी नाही बदलत."

"मग कोण?"

मृणालनं कळशी बाजूला सारली.

"आई, मी देव पाण्यात ठेवलेच नव्हते."

विजयाबाई पाण्याकडे बघत होत्या. तळाशी, भरीव पितळेच्या बाळकृष्णाच्या ओठांपाशी एक बुडबुडा धरला होता. तो सुटला आणि सावकाश वर आला.