नॉर्मल आहे गं

धाकटी लॅबमध्ये रक्त काढायची. पाच महिन्यांचं बाळ शेजारणीकडे ठेवून ती कामावर यायची. दुपार झाली की दूध दाटायचं, मग हात इथं आणि जीव घरी.

एका सकाळी ताई आली. चौतिसावा आठवडा.

"तळहात-तळपाय नुसते खाजतायत गं. पुरळ म्हणशील तर नावाला नाही."

"आई व्हायची हौस ना तुला? भोग आता!" धाकटी हसली, पण रक्त घेतलं. लिव्हरमधलं पित्त रक्तात साचलं तर पोटातल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं, हे तिला पाठ होतं. ही तपासणी मोठ्या लॅबमध्ये व्हायची. तिकडे नळ्या नेणारा बर्फाचा डबा दीडला निघायचा. धाकटी एक वाजताच पाजायला घरी पळाली. ताईची नळी खिडकीपाशी उन्हात राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं ती गुपचूप फेकून दिली. संध्याकाळी ताईचा फोन आला. ‘माझ्या हातून राहिलं, पुन्हा ये,’ एवढंच म्हणायचं होतं.

"नॉर्मल आहे गं," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी ताईच्या पोटातलं बाळ हलायचं थांबलं.

"तू कशाला रडतेस वेडे? तू तर तपासलंस," ताईच तिची समजूत घालत राहिली.

त्याच आठवड्यात धाकटीचे तळहात खाजू लागले. मग तळपाय. पुरळ नव्हतं. तिनं स्वतःचं रक्त पाठवलं. लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"हा तर गरोदर बाईचा वाटतो. नळ्या बदलल्यास का?"

पुन्हा पाठवलं. पित्ताचा आकडा वाढलेलाच. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं.

ताईला बाळंतपणाची दिलेली तारीख उजाडली. आज सांगूनच टाकायचं, म्हणून धाकटी बाळाला घेऊन तिच्याकडे गेली. ताईनं बाळ मांडीवर घेतलं. "जड झालाय हं लबाड!"

धाकटीनं तोंड उघडलं.

तेवढ्यात खाज थांबली. एकाएकी.

"काय गं?"

"काही नाही."

घरी येऊन ती पाजायला बसली. बाळानं उजवीकडचं दूध संपवलं. डावीकडे वळवलं, तर तोंड घट्ट मिटून घेतलं.

तिनं त्याला खाली ठेवलं. तशीच बसून राहिली.

सकाळपासून दगडासारखी दाटलेली डावी बाजू, कुणी पीत असल्यासारखी, हळूहळू हलकी होत गेली.

कपड्यावर दुधाचा एक थेंब नव्हता.