दार तिसऱ्यांदा मोजताना

बारच्या मागच्या खोलीतली मोरी सकाळपासून तुंबली होती आणि तिचा पारा चढला होता. त्यामुळे दारात भिजलेला, हातात मोजपट्टी घेतलेला माणूस दिसताच तिने काही विचारलंसुद्धा नाही.

"आलात एकदाचे! तो बघा पाइप. टाकीच्या मागे."

तो जरा घुटमळला... मग बाह्या सरसावून खाली बसला. पाइपातून भिजलेल्या धान्याचा हा एवढा गोळा निघाला, पाणी भळाभळा वाहून गेलं आणि तो हात पुसत म्हणाला, "झालं. आता — मी परवाना खात्याचा इन्स्पेक्टर. जागा बघायला आलोय."

तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

त्याच्या गालावर धान्याचा एक दाणा चिकटला होता. सांगावं की नाही, या विचारात ती असतानाच तो हसला आणि तिचं सांगायचं राहूनच गेलं.

मामा गेल्यावर त्याचा हा बार तिच्याकडे आला होता, पण मामीच्या अटीवर. बाटल्या विकणारे गल्लीत पैशाला पासरी होते. उन्हाळा लागायच्या आत घरची बीअर बनवून विकायचा परवाना मिळाला, तर बार तिचा. नाहीतर मामी जागा चपलांच्या दुकानाला देऊन मोकळी होणार. "पोरीच्या पायाला भिंगरी. हिच्या हातून धंदा कसला होतोय!" मामीचं मत ठाम होतं. आणि पोरगी खरंच एका जागी टिकत नव्हती. बीअर आंबत असली की येता-जाता टाकीला कान लावून बघायची.

"घोटभर चाखून तरी बघा," ती त्याला म्हणाली.

"परवाना येईपर्यंत ती फक्त तुम्ही चाखायची. विकायची नाही, कुणाला फुकट पाजायची नाही. मला तर नाहीच नाही."

"मग चांगली झालीय का, हे मला कोण सांगणार? आपलं ते बाळ... मला गोडच लागणार."

त्याने ग्लास नुसता नाकाशी नेला. डोळे मिटले. ती त्याच्या पापण्यांकडे बघत राहिली.

"वास घ्यायला मनाई नाही," तो म्हणाला, पण वास कसा होता ते काही बोलला नाही.

बीअर बनते ती खोली आणि विकतात ती खोली, यांच्यामध्ये कुलूप लागेल असं दार हवं, असा नियम होता. तिथे मामाच्या काळापासून नुसता पडदा लोंबत होता. तिने सुताराच्या मागे लागून दार बसवून घेतलं. इन्स्पेक्टर येऊन मोजून गेला. काही दिवसांनी "कडी बघायची राहिली" म्हणत पुन्हा आला आणि पुन्हा दार मोजलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा पट्टीचं दुसरं टोक तिने धरलं. पट्टी गुंडाळताना बोटांना बोटं लागली... आणि आकडा वाचायचा दोघांचाही राहिला.

त्यानंतर तो आलाच नाही. तिला घरात चैन पडेना, बारमध्ये करमेना. शेवटी कळलं, तिचं काम त्याने स्वतःहून सोडून दिलं होतं. आता दुसरी अधिकारी येणार, तपासणी पहिल्यापासून होणार. उन्हाळा तर तोंडावर आलेला!

ती तडक त्याच्या ऑफिसात जाऊन थडकली.

"काय कमी होतं माझ्या जागेत?"

"कमी काही नव्हतं." तो उठून उभा राहिला. कान लाल झाले होते. "जिथे अधिकाऱ्याचा स्वतःचा जीव गुंतलाय, तिथे त्याने सही करायची नसते. आणि दार... दार एकदा मोजलं की पुरतं हो."

तिला राग आला होता, खूप आला होता. आणि त्याच्या तळाशी वेड्यासारखा आनंद होता.

"परवाना नाही मिळाला ना," ती कशीबशी म्हणाली, "तर चपला विकत बसीन. आणि तुम्हाला रोज घ्यायला लावीन."

"घेईन की," तो म्हणाला.

नवी अधिकारीबाई आली. हसण्याचा जणू तिच्याकडे परवाना नव्हता. तिने कोपरान् कोपरा धुंडाळला, कडी ओढून पाहिली, दार एकदाच मोजलं आणि गेली. मग पोरीच्या नुसत्या येरझाऱ्या. मामी चपलांच्या दुकानदाराला जागा दाखवायला घेऊन आली, त्याच दुपारी परवाना आला. मामीने तो डोळ्यांजवळ धरून वाचला आणि दुकानदाराला म्हणाली, "चहा घ्या आणि या आता."

संध्याकाळी तो आला. या वेळी हातात पट्टी नव्हती. तिने पहिला ग्लास त्याच्यापुढे ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका जागी स्तब्ध उभी राहिली.

त्याने घोट घेतला. थांबला. "खरं सांगू?... जरा कडू झालीय."

ती खळखळून हसली, हसता हसता डोळे भरून आले. "मला वाटतच होतं! सांगणारंच कुणी नव्हतं."

"आता आहे," तो म्हणाला आणि ग्लास तिच्याकडे सरकवला.

तिने त्याच ग्लासातून घोट घेतला. कडूच होती.

"पुढची टाकी लावीन तेव्हा," ती म्हणाली, "मोजायला या."